सिनरॉक-सी : पाण्याला कुठे दाद देतो आणि कुठे देत नाही

उच्च पातळीचा किरणोत्सारी कचरा सहसा काचेत वितळवून बंद करतात. त्या काचेला पर्याय म्हणून ज्या खनिज-सिरॅमिकांची नावं घेतली जातात, त्यांत सिनरॉक सर्वांत जास्त तपासलेलं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले टेड रिंगवुड यांनी 1978 मध्ये ही कल्पना मांडली आणि 1987 मध्ये सिडनीजवळ लुकास हाइट्सला बिगर-किरणोत्सारी मालावर चालणारा प्रात्यक्षिक प्लांट सुरू झाला. तेव्हापासून या मालाबद्दल एक वाक्य सतत कानावर पडतं : 'काचेपेक्षा शेकडो पटींनी टिकाऊ.' वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. युरेनियम-प्लुटोनियमच्या गटासाठी (अ‍ॅक्टिनाइड) ते बिनधास्त म्हणता येतं. सिझियमसाठी ते माल कसा भाजलाय यावर ठरतं. स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियमबद्दल मात्र पहिल्या आठवड्याचे आकडे पाहून असं कुणी म्हणू नये.

आधी आत काय आहे ते पाहू. सिनरॉक-सी, या मालाची सर्वांत रुळलेली पाककृती, म्हणजे ढोबळमानाने 30 टक्के हॉलंडाइट, 30 टक्के झिरकोनोलाइट, 20 टक्के पेरोव्हस्काइट (तिन्ही टायटॅनियमयुक्त खनिजं), आणि उरलेल्यात टायटॅनियमचे ऑक्साइड व थोडा मिश्रधातू. कच्च्या मालात वजनाने सुमारे 70 टक्के टायटॅनियम डायऑक्साइड असतं, कॅल्शियम ऑक्साइड 11 टक्क्यांच्या आसपास, बाकी झिरकोनियम, बेरियम आणि अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड. त्यात 10 ते 20 टक्के कचऱ्याचे ऑक्साइड मुरवतात. सिझियम हॉलंडाइटच्या बोगद्यांत बसतं. स्ट्रॉन्शियम पेरोव्हस्काइटमध्ये कॅल्शियमची जागा घेतं. युरेनियम, थोरियम आणि चार-संयुजी प्लुटोनियम झिरकोनोलाइटकडे जातात. मॉलिब्डेनम, टेक्नेशियम, रुथेनियम, पॅलेडियम यांचं काय? भट्टीतलं वातावरण पुरेसं क्षपणकारी, म्हणजे ऑक्सिजन काढून घेणारं, असेल, तर ते धातू होऊन बारीक कणांत गोळा होतात. हा 'असेल तर' फार महत्त्वाचा आहे, पुढे त्याकडे येऊ.

जागेचा हिशेब सिनरॉकच्या बाजूने आहे. घनता साधारण 4.35 ग्रॅम प्रति घन सेंमी, बोरोसिलिकेट काचेची 2.65 च्या आसपास. दोन्हींत 20 टक्के कचरा भरला, तर एका घनमीटर सिनरॉकमध्ये 870 किलो ऑक्साइड मावतात, काचेत 530 किलो. खोल भूगर्भातल्या साठवणुकीत प्रत्येक डब्याच्या जागेला किंमत असते, तेव्हा हा फरक किरकोळ म्हणता येत नाही.

आता टिकाऊपणा. डीआयोनाइज्ड पाणी, 90 अंश सेल्सिअस, अशा परिस्थितीत नीट बनवलेल्या सिनरॉकमधून टायटॅनियम आणि झिरकोनियम जवळजवळ बाहेर येतच नाहीत, पाण्यात सुटण्याचा (लीचिंगचा) दर 10⁻⁵ ग्रॅम प्रति चौ. मी. प्रति दिवस किंवा त्याहून कमी. अ‍ॅक्टिनाइडही त्याच पातळीवर. सिझियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि बेरियम यांची गोष्ट वेगळी. पहिल्या एक-दोन दिवसांत ते 10⁻² ते 10⁻¹ च्या घरात दिसतात, आणि मग काही महिन्यांत 10⁻³ च्या खाली उतरतात. बोरोसिलिकेट काच याच चाचणीत सुरुवातीला 1 ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे तुलना कुठल्या मूलद्रव्याची आणि कितव्या दिवसाची, हे सांगितल्याशिवाय 'शेकडो पट' या शब्दांना काही अर्थ नाही.

दर असा खाली का उतरतो, ते समजून घेतलं की या मालाचा स्वभाव कळतो. सुरुवातीला जे सुटतं ते तीन ठिकाणचं असतं : घासलेल्या पृष्ठभागावरची चूर्णासारखी धूळ, दोन कणांमधल्या सीमेवर साचलेले अल्कलीयुक्त पातळ थर, आणि उघडे पडलेले पेरोव्हस्काइटचे कण. पहिल्या दोन गोष्टी लवकर संपतात. तिसरी उरते.

पेरोव्हस्काइट हाच या मालातला कच्चा दुवा. कॅल्शियम टायटॅनेट पाण्याच्या संपर्कात आलं की कॅल्शियम सोडून देतं, पाणी किंचित अल्कधर्मी होतं आणि मागे टायटॅनियमच्या ऑक्साइडची पातळ साय राहते. 90 अंशांना ही साय बहुतांशी अस्फटिकी असते आणि आतल्या कणाला थोडंफार पांघरूण घालते. 150 अंशांच्या वर तिचे अ‍ॅनाटेस आणि ब्रुकाइटचे स्फटिक होतात, आणि स्फटिकांमधल्या फटींतून पाणी आत शिरतं. आम्लधर्मी पाण्यात तर पेरोव्हस्काइट आणखी जोरात विरघळतं. निसर्गातही तेच दिसतं : हवापाणी लागलेल्या खडकांत पेरोव्हस्काइटच्या जागी अ‍ॅनाटेस सापडतं. झिरकोनोलाइटचं तसं नाही. त्याचा दर पीएचने फारसा हलत नाही, आणि तापमान वाढवूनही काचेइतका उसळत नाही.

इथे एक पेच आहे, आणि माहितीपत्रकांत त्याचा उल्लेख क्वचित सापडतो. मॉलिब्डेनम आणि टेक्नेशियमला धातू करायचं, तर वातावरण क्षपणकारी हवं. पण त्याच वातावरणात प्लुटोनियमचा काही भाग तीन-संयुजी होतो, आणि तीन-संयुजी प्लुटोनियम, अमेरिशियम, क्युरियम यांना पेरोव्हस्काइट जास्त आवडतं. म्हणजे मॉलिब्डेनम-टेक्नेशियम वाचवायला गेलं की प्लुटोनियम कच्च्या दुव्याकडे सरकतं. म्हणूनच ज्या कचऱ्यात अ‍ॅक्टिनाइड जास्त, तिथे सिनरॉक-सी न घेता झिरकोनोलाइट किंवा पायरोक्लोर (त्याच्या जवळच्या रचनेचं खनिज) मुख्य असलेली, पेरोव्हस्काइट जवळजवळ नसलेली पाककृती घ्यावी. अमेरिकेने जादा प्लुटोनियमसाठी निवडलेलं सिरॅमिक पायरोक्लोर-प्रधानच होतं. तो कार्यक्रम 2002 मध्ये गुंडाळला गेला, पण त्यामागे सिरॅमिक पाण्यात टिकत नव्हतं असं कारण नव्हतं.

चाचणीचे आकडे कसे वाचायचे

पुरवठादार देतो तो पहिला कागद बहुधा तुकडा पाण्यात ठेवून पाहायच्या एमसीसी-1 चाचणीचा असतो, म्हणजे एएसटीएम या मानक-संस्थेची आताची सी 1220. अखंड तुकडा, 90 अंश, 28 दिवस, पृष्ठभागाचं पाण्याच्या घनफळाशी गुणोत्तर 10 प्रति मीटर. समजा तुकडा 10 बाय 10 बाय 2 मिमी. पृष्ठभाग 280 चौ. मिमी, म्हणून पाणी 28 मिली. सिरॅमिकात सिझियम वजनाने 1 टक्का आहे आणि 28 दिवसांनी पाण्यात ते लिटरला 10 मायक्रोग्रॅम सापडलं. मग सुटलेलं सिझियम 0.28 मायक्रोग्रॅम. त्याला वस्तुमान-अंश 0.01 आणि पृष्ठभाग 0.00028 चौ. मी. यांनी भागलं की 0.1 ग्रॅम प्रति चौ. मी., आणि 28 ने भागलं की सुमारे 3.6 × 10⁻³ ग्रॅम प्रति चौ. मी. प्रति दिवस. ठीकठाक माल.

आता हेच झिरकोनियमसाठी करा. अंश 0.05 धरा, आणि उपकरणाला लिटरला 0.1 मायक्रोग्रॅमखालचं काही दिसत नाही असं धरा. उत्तर येतं 7 × 10⁻⁶. ही झिरकोनियमच्या विरघळण्याची नव्हे, मोजणाऱ्या यंत्राच्या नजरेची मर्यादा आहे. अहवालात या आकड्यापुढे 'पेक्षा कमी' ही खूण असायलाच हवी. ती गाळून थेट 7 × 10⁻⁶ छापलेला तक्ता हाती आला, तर बाकीचे आकडेही संशयाने वाचा.

दुसरी गोम अशी की 28 दिवसांची सरासरी पहिल्या दिवसाचा उसळलेला भाग पोटात घालते. 1, 7, 14 आणि 28 दिवसांनी पाणी बदलून प्रत्येक हप्ता वेगळा मोजला, तर खरं चित्र मिळतं : पहिला हप्ता मोठा, पुढचे झपाट्याने लहान. लहान होत नसतील तर माल सच्छिद्र आहे किंवा विरघळणारी एखादी फेज, म्हणजे वेगळा घटक, आत राहिली आहे. शिवाय टायटॅनियमची विद्राव्यता मुळातच इतकी कमी आहे की साचलेल्या पाण्यात ते लगेच संपृक्त होतं आणि दर आपोआप शून्याकडे जातो. खरा पुढचा दर हवा असेल तर एकदिशा-प्रवाहाची चाचणी, एएसटीएम सी 1662, लागते. ती महाग आणि कटकटीची आहे, त्यामुळे बहुतेक जण टाळतात.

पीसीटी (प्रॉडक्ट कन्सिस्टन्सी टेस्ट), म्हणजे एएसटीएम सी 1285, सिरॅमिकासाठी वापरताना तर दुप्पट सावध राहावं. ही काचेसाठी घडवलेली चाचणी : 75 ते 150 मायक्रॉनची भुकटी, ग्रॅमला 10 मिली पाणी, 90 अंश, 7 दिवस. काचेत बोरॉन, सोडियम आणि लिथियम मोजून एन्व्हायर्नमेंटल असेसमेंट या संदर्भ-काचेशी, म्हणजे बोरॉनसाठी लिटरला 16.7 ग्रॅम या मर्यादेशी, तुलना करतात. सिनरॉकमध्ये बोरॉनच नाही. त्यामुळे 'पीसीटीत उत्तीर्ण' या शेऱ्याला सिरॅमिकाच्या बाबतीत काही अर्थ उरत नाही. त्यातही घनतेचा सापळा आहे. त्याच जाळीतून चाळलेल्या एक ग्रॅम काचेचा पृष्ठभाग साधारण 0.02 चौ. मी. येतो, सिनरॉकचा 0.012. दोन्हींना 10 मिली पाणी दिलं तर काचेवरचं गुणोत्तर 2000 प्रति मीटरच्या आसपास राहतं आणि सिनरॉकवरचं 1200 च्या. ग्रॅमवर तुलना केली की सिरॅमिक फुकटात 1.6 पट चांगलं दिसतं. चौरस मीटरवर आणा, मग बोला.

चाचणी करताना हमखास बिघडणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. भुकटी पाणी आणि इथेनॉलने अल्ट्रासॉनिक बाथमध्ये वारंवार धुतली नाही, तर चिकटलेली बारीक धूळच चाचणी चालवते. नवं टेफ्लॉन भांडं फ्लोराइड सोडतं, गॅमा किरणांच्या क्षेत्रात तर आणखी, आणि पाणी आम्लाकडे झुकून पेरोव्हस्काइटवर खोटा हल्ला होतो. किरणोत्सारी नमुन्याला स्टीलचं भांडं बरं. टायटॅनियमचं भांडं घेऊ नका, कारण टायटॅनियमच मोजायचं आहे. अ‍ॅक्टिनाइड भांड्याच्या भिंतीला चिकटतात, म्हणून पाणी काढल्यावर भांडं सौम्य नायट्रिक आम्लाने धुऊन ते धुणंही हिशेबात धरावं. नाहीतर दर कित्येक पटींनी कमी दिसतो. कोऱ्या भांड्याची समांतर चाचणी, म्हणजे ब्लँक, नसलेला अहवाल परत पाठवावा.

माल बनवताना कुठे चुकतं

मूळ पद्धतीत टायटॅनियम, झिरकोनियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या अल्कॉक्साइडांपासून बारीक पूर्वद्रव्य तयार करतात, त्यात बेरियम व कॅल्शियम मिळवतात, मग कचऱ्याचं नायट्रिक द्रावण ओतून ढवळतात आणि सुकवतात. नंतर सुमारे 750 अंशांना नायट्रोजनमध्ये 3.5 टक्के हायड्रोजनखाली कॅल्सिनेशन, म्हणजे तापवून वायू घालवणं. त्या भुकटीत 2 टक्के टायटॅनियम धातूची पूड मिसळून 1150 ते 1200 अंशांना सुमारे 20 मेगापास्कल दाबाखाली गरम दाबतात. हाती यायला हवा तो काळा, गच्च तुकडा, घनता सैद्धांतिक घनतेच्या 99 टक्क्यांहून जास्त, कण साधारण एक मायक्रॉनचे.

हा काळा रंगच पहिली चाचणी. तो तीन-संयुजी टायटॅनियममुळे येतो. तुकडा तपकिरी किंवा फिकट निघाला तर वातावरण नीट क्षपणकारी नव्हतं, आणि मग मॉलिब्डेनम धातू न होता सहा-संयुजी राहतं. ते सिझियमशी जुळून सिझियम मॉलिब्डेट बनवतं, जे साध्या पाण्यात विरघळतं. एक्स-रे विवर्तनाच्या आलेखात हे दिसेलच असं नाही, कारण एक-दोन टक्क्यांखालची फेज त्यात सहसा हरवते. पण 90 अंशांच्या पाण्यात एक दिवस ठेवलेल्या तुकड्यातून सिझियम आणि मॉलिब्डेनम दोन्ही एकदम उसळले, तर निदान पक्कं. एवढी एक दिवसाची चाचणी प्रत्येक बॅचवर केली तरी निम्मी डोकेदुखी वाचते. टायटॅनियम पूड खूप जाड असेल किंवा नीट मिसळली नसेल, तर तुकड्याच्या एका कोपऱ्यात क्षपण चांगलं आणि दुसऱ्यात नाही, असंही होतं. म्हणून नमुना एकाच जागचा घेऊ नये.

सोडियम हा दुसरा शत्रू. थोडं सोडियम पेरोव्हस्काइटमध्ये दुर्मीळ-मृत्तिका मूलद्रव्यांसोबत सामावतं. जास्त झालं, आणि त्यात सिलिका मिसळली, की कणांच्या सीमेवर काचेसारखा थर पसरतो आणि सिझियमला बाहेर पडायला वाट मिळते. कचऱ्यात सोडियम भरपूर असेल, तर सिनरॉक-सीचा हट्ट धरू नये. सिनरॉक-डी त्यासाठीच होतं, पण त्यात सोडियम सामावायला नेफेलीन आणलं, आणि टिकाऊपणात नेफेलीन टायटॅनेटांच्या जवळपासही नाही. अशा कचऱ्याला काच किंवा काच-सिरॅमिक सरळ बरं.

आता गरम दाबण्याऐवजी हॉट आयसोस्टॅटिक प्रेस, म्हणजे तापवून सर्व बाजूंनी वायूचा सारखा दाब देणारं यंत्र, वापरण्याकडे कल आहे. भुकटी स्टीलच्या डब्यात भरायची, तापवून वायू काढायचे, डबा निर्वात करून सील करायचा, आणि 100 मेगापास्कल आर्गॉनखाली 1200 अंशांच्या आसपास चेपायचा. मोठा फायदा म्हणजे सिझियम उडून जात नाही, कारण सगळं बंद डब्यात आहे. काच वितळवताना सिझियम आणि टेक्नेशियमची वाफ सांभाळायला जी वायूशुद्धीकरणाची यंत्रणा लागते, तिचा आकारही इथे बराच कमी होतो. तोटे दोन. भुकटी सैल भरली तर डबा वाकडातिकडा चेपतो किंवा फाटतो, म्हणून दाणे करून भरणं आवश्यक. आणि डब्याच्या भिंतीलगत स्टील व सिरॅमिकाचा पातळ अभिक्रियेचा पट्टा तयार होतो, त्यातून लीचिंगचा नमुना घेतला तर आकडे आतल्या मालाचे नसतात. पट्टा वेगळा तपासावा, वगळू मात्र नये, कारण डबा गंजल्यावर पाणी आधी त्यालाच भिडणार.

किरणांचा मार आणि निसर्गाची साक्ष

अल्फा क्षयाने झिरकोनोलाइट हळूहळू अस्फटिकी होतं आणि 5 ते 6 टक्के फुगतं. साधारण 10¹⁹ अल्फा प्रति ग्रॅम इतक्या मात्रेला ही अवस्था येते. मग ते पाण्यात किती टिकतं? श्रीलंकेत सापडणारी सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वीची झिरकोनोलाइटं थोरियम आणि युरेनियमने भरलेली आहेत, पूर्ण अस्फटिकी झालेली आहेत, आणि तरी त्यांनी थोरियम-युरेनियम धरून ठेवलेलं आहे. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही 28 दिवसांच्या चाचणीपेक्षा हा पुरावा वजनदार. पण त्याचा अर्थ ताणू नये. तो एका खनिजाबद्दल आहे, चार फेजच्या मिश्रणाबद्दल नाही. मिश्रणात प्रत्येक फेज वेगवेगळी फुगते, त्यातून सूक्ष्म भेगा पडतात, आणि पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. किरणांच्या माराला खरंच दाद न देणारी मंडळी हवी असतील, तर गॅडोलिनियम झिरकोनेटसारखे झिरकोनेट पायरोक्लोर आणि मोनाझाइट यांच्याकडे पाहावं. मोनाझाइट स्वतःची स्फटिकरचना सावरतं, निसर्गात ते क्वचितच अस्फटिकी सापडतं. झिरकोनेटला मात्र भाजायला जास्त तापमान लागतं, आणि सिझियम ठेवायला त्यात जागा नाही.

काचेशी थेट सामना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच झाला, आणि अमेरिकेने सव्हाना रिव्हर या अण्वस्त्र-प्रकल्पाच्या कचऱ्यासाठी बोरोसिलिकेट काच निवडली. फ्रान्सचा मार्कूलचा काचीकरण प्लांट तर 1978 पासूनच चालू होता. काच जिंकली ती टिकाऊपणावर नव्हे. वितळलेली काच डब्यात ओतता येते, कचऱ्याचं मिश्रण रोज थोडं बदललं तरी ती चालवून घेते, आणि रिमोटने चालवायला यंत्रं कमी लागतात. सिनरॉकला पाककृती नेमकी लागते.

त्यामुळे कचरा ठरावीक आणि एकसारखा असेल, मात्रा कमी असेल, तिथे सिनरॉक घ्यावं. ऑस्ट्रेलियन न्यूक्लिअर सायन्स अँड टेक्नॉलॉजी ऑर्गनायझेशनने मॉलिब्डेनम-99 च्या उत्पादनातून निघणाऱ्या द्रव कचऱ्यासाठी ते निवडलं, ही निवड बरोबर जागी बसते. मिश्रण दर महिन्याला बदलतं, सोडियम भरपूर आहे, किंवा आत काय आहे हे नीट ठाऊकच नाही, अशा टाकीसाठी घेऊ नये. घेताना पुरवठादाराकडून या गोष्टी लेखी मागाव्यात : प्रत्येक बॅचची घनता आणि उघड्या छिद्रांचं प्रमाण, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचं मागे विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांचं चित्र ज्यात झिरकोनोलाइट उजळ आणि टायटॅनियम ऑक्साइड गडद वेगळे ओळखू येतात, पहिल्या दिवसाचे सिझियम आणि मॉलिब्डेनम, आणि पाणी बदलून घेतलेले 7, 14 व 28 दिवसांचे आकडे, प्रत्येक मूलद्रव्याचे स्वतंत्र, ब्लँक आणि आम्ल-धुण्यासह.